पूर्ण भावाची बाटली

मेश्राम कंडक्टर सायकल सुरू करण्याआधी दोनदा घंटी वाजवतात. थांबायचं असलं की एकदा. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली, पण टिन-टिन झाल्याशिवाय त्यांचा पाय पॅडलवर पडत नाही. बाभुळगावहून यवतमाळच्या रस्त्यानं आम्ही दोघं रोज सकाळी सायकलवर जातो. ते मजेसाठी आणि मी साखरेसाठी. साखर म्हणजे माझ्या रक्तातली.

रस्त्यात जितके बसथांबे, तितक्या ठिकाणी ते थांबतात. उतरणारं कोणी नसतं, चढणारंही नसतं. तरी एक पाय जमिनीवर टेकवून ते मागं वळून बघतात आणि आडव्या आलेल्या बकऱ्यांना म्हणतात, "चला, सरका पुढं, पुढं लय जागा आहे." बकऱ्या सरकतात. मग टिन-टिन.

माझं गावात भांड्यांचं दुकान आहे. आठवडी बाजारात पोतं अंथरून गंज-पातेली विकत मी इथवर आलो. त्यामुळं भाव करणं माझ्या अंगात इतकं मुरलंय की डॉक्टरांनाही मी "एखादी गोळी कमी करा ना" म्हणतो. मेश्राम याच्या अगदी उलटे. भाजीवालीनं सांगितलं तेवढे पैसे मोजून देतात. "तिकिटाचा भाव केला का कधी कोणी? मंग वांग्याचा काहून करू?" त्यांच्यासोबत बाजारात गेलो की माझीही वांगी महाग होतात. भाजीवाली म्हणते, "हे भाऊ तर काहीच बोल्ले नाही!"

ती कापसाला भाव नसलेली वर्षं होती. लग्नं पुढं ढकलली जात होती, आणि लग्नं नाहीत म्हणजे भांडी नाहीत. मी दिवसभर गल्ल्यावर बसून रागावत असे. कोणावर, ते रोज सकाळी ठरायचं.

त्यातल्या एका हंगामात बियाण्याच्या एका कंपनीनं दोन थैल्यांवर एक हिरवी प्लास्टिकची बाटली फुकट दिली होती. माझ्याकडं शेत नाही. तरी कृषी केंद्रवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालून मी दोन बाटल्या मिळवल्या, एक मला, एक मेश्रामांना. सायकलच्या दांड्यावरच्या तारेच्या कप्प्यात त्या छान बसायच्या. दिवसभर लोकांना स्टीलचे गुण सांगणारा मी सकाळी त्या हिरव्या प्लास्टिकमधून पाणी प्यायचो. फुकटच्या पाण्याला वेगळीच चव असते.

एका सकाळी आम्ही एका फाट्यावर, शेताच्या बांधाला बसलो होतो. पलीकडं मजूर फवारणीची तयारी करत होते. मी कापसाच्या भावावर तावातावानं बोलत होतो. बोलता बोलता बाजूची बाटली उचलली, झाकण काढलं, तोंडाकडं नेली आणि मेश्रामांनी फाडकन माझ्या हातावर मारलं. बाटली उडून गवतात पडली.

"हात काहून मारला?"

"वास घे तिचा."

घेतला. फवारणीचं औषध. मजुरानं ते तसल्याच हिरव्या बाटलीत आणलं होतं. माझी माझ्या डाव्या हाताला उभी होती. शहाण्या माणसानं अशा वेळी समोरच्याचे पाय धरले असते. मी म्हणालो, "तोंडानं सांगता येत नव्हतं? चार लोकांत हात मारता?"

एक मजूर बाई फिसकन हसली. तेवढ्यानं माझा उरलासुरला समजूतदारपणा संपला.

मेश्रामांनी त्यांची आणि माझी, दोन्ही बाटल्या मातीत उलट्या केल्या. "आजपासून प्लास्टिक बंद, शेट. स्टील."

"तुम्ही करा बंद. माझ्या बाटलीले काय झालं? फुकटची आहे ती!"

परतीच्या रस्त्यात मी थांब्यांवर थांबलो, पण रागानं थांबलो.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. दोन स्टीलच्या बाटल्या मागितल्या, टिचकी मारून पाहिल्या, आतून वास घेतला, झाकणं फिरवली. मी मुद्दाम दीडपट भाव सांगितला. आता त्यांनी निम्मा मागायचा, मी दुखावल्यासारखं करायचं, त्यांनी पायरी उतरायची, मी परत बोलवायचं, चहा यायचा आणि चहासोबत कालचं भांडण मिटायचं. माणसाशी गोड व्हायचा मला हाच एक रस्ता येतो.

त्यांनी पाकीट उघडलं आणि सांगितले तेवढे पैसे ठेवले. "सुट्टे आहेत बरं का," म्हणाले आणि गेले.

मी घरी जाऊन ताट आपटलं. "फसवलं मले त्या माणसानं!"

बायकोनं शांतपणे विचारलं, "जास्तीचे पैसे कोणी घेतले?"

"म्या."

"अन् फसवलं त्यांनी?"

"मंग!" मी म्हणालो. तिला धंद्यातलं कळत नाही.

तीन दिवस मी सायकल काढली नाही. रोज उजाडताना दारासमोर एक घंटी वाजायची. मी डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचो. लाज वाटत होती, पण बाहेरून तो रागच दिसत असणार, याची मला खात्री होती. तिसऱ्या दिवशी अंगण झाडून आलेली बायको म्हणाली, "ते फिराले जातच नाहीत, माहीत आहे का तुम्हाले? एक घंटी मारतात, उभे राह्यतात, अन् मंग सायकल हातात धरून पायी घरी चालले जातात."

मी आठवून पाहिलं. खरंच, तीन दिवसांत टिन-टिन काही कानावर आलं नव्हतं. हजारो माणसं नेऊन सोडलेला हा कंडक्टर. घरी एकटा. पोरगा पुण्याला. आणि त्याच्या गाडीत आता सगळा मिळून एकच प्रवासी होता, तोही पांघरुणात तोंड लपवून पडलेला.

दुपारी ते दुकानात आले, दोन्ही बाटल्या घेऊन. "नाव टाकायचं राह्यलं होतं, शेट. नाव फुकट असते ना?"

या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काही फुकट मागितलं होतं. मी नाव टाकायचं मशीन काढलं. एका बाटलीवर 'मेश्राम' कोरलं. "दुसरीवर काय टाकू?"

"देविदास."

"कोण देविदास?" मी विचारलं. अगदी मनापासून विचारलं. गाव मला शेट म्हणतं, बायको अहो म्हणते. माझंच नाव ओळखायला मला एक क्षण लागला.

त्या मशीननं मी नवरीकडच्यांची, मामांची, आत्यांची, मंदिराला समई देणाऱ्यांची किती नावं कोरली असतील. माझं नाव कोणत्याच भांड्यावर नव्हतं. आमचं लग्न झालं तेव्हा भांडी देण्यासारखं कोणाजवळ काही नव्हतं.

"कोणाकडून लिहू?" माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"कायले लिहितं? तुले माहीत आहे ना."

मशीन घर्रर्र करत होतं. 'वि'ची वेलांटी घसरली आणि बाटलीच्या गळ्यापर्यंत गेली. इतकं वाकडं अक्षर मी कधी कोरलं नव्हतं. गिऱ्हाईक असतं तर बाटली बदलून मागितली असती. मेश्रामांनी अंगठ्यानं ती पुसली, पाहिली आणि माझ्यासमोर ठेवली.

मी जास्तीचे पैसे काढायला गल्ला उघडला.

"तिकीट फाडल्यावर पैसे वापस नसते, शेट," ते म्हणाले. "सरक तिकडं. चहा सांग."

दुसऱ्या दिवशी उजाडताना एक घंटी वाजली. मी सायकल घेऊन दारातच उभा होतो. स्टीलची बाटली तारेच्या कप्प्यात खुळखुळ वाजत होती. आयुष्यभर भाव पाडून वस्तू घेतल्या, आणि आज पहिल्यांदा पूर्ण भावाची वापरत होतो. पूर्ण कसली, दीडपट!

मेश्रामांनी एक पाय जमिनीवर टेकवून मागं वळून पाहिलं. मी माझ्या सायकलवर नीट बसलोय याची खात्री केली.

टिन-टिन.