घोरपडबाई आणि हिरवा आकडा

एका जंगलात, बाळांनो, एक सर्व्हर होता. जंगलात सर्व्हर कशाला, असं विचारू नका. वाघमहाराजांनी तो दुसऱ्या कुणाच्या तरी जंगलात पाहिला, म्हणून इथेही आला. राज्यकारभार असाच चालतो.

सर्व्हर एका थंडगार गुहेत ठेवला होता आणि त्यात दोन बिऱ्हाडं होती. एक डेटाबेसचं. कोणाचं बीळ कुठलं, कोणत्या कळपाने पाणवठ्यावर कधी यायचं, ही सगळी माहिती त्याच्याकडे. दुसरं बिऱ्हाड अँटिव्हायरसच्या मुकादमाचं. जंगलात ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर एकेक पहारेकरी बसवलेला होता आणि हा मुकादम गुहेत बसून त्या सगळ्यांना हुकूम सोडायचा. कुठे कोणता व्हायरस सापडला, ते तो डेटाबेसकडेच ठेवायला द्यायचा.

दोघांची देखभाल घोरपडबाई करत. एखाद्या गोष्टीला चिकटल्या की सोडायच्या नाहीत, म्हणून तर त्यांची नेमणूक झाली होती. नोकरीबरोबर त्यांना राहायला सरकारी वारूळ मिळालं होतं आणि त्या वारुळात त्यांनी अंडी घातली होती. घोरपडीची अंडी उबायला खूप दिवस लागतात. मधेच हलवली तर वाया जातात. त्यामुळे बाई गुहेत असल्या तरी त्यांचा जीव वारुळात असायचा.

एक दिवस महाराजांनी दरबारात एक स्क्रीन लावून घेतली. सर्व्हरची मेमरी शंभरातली किती भरली, ते तिच्यावर दिसायचं. कमी भरली तर आकडा हिरवा, जास्त भरली तर पिवळा, फारच भरली तर लाल. महाराजांना आकडे फारसे कळत नसत. रंग मात्र कळत, आणि त्यातही लाल फार लवकर कळे.

लावल्या दिवशीच स्क्रीनवर लालभडक शहाण्णव दिसले.

"घोरपडबाई, हा काय प्रकार आहे?" महाराजांनी विचारलं.

"मेमरी भरलीये, महाराज. कशाने ते बघून सांगते."

"बघा काय ते. पौर्णिमेला पलीकडच्या डोंगरावरचे अस्वलराजे मेजवानीला येतायत. त्यांची स्क्रीन कायम हिरवी असते म्हणे. आपली लाल दिसली तर आमची शोभा होईल. तोवर हिरवी झाली नाही, तर तुमची बदली खाजणात, खाऱ्या चिखलात. वारूळ रिकामं करावं लागेल."

अस्वलराजांचा सर्व्हर हिरवा असायचा, कारण त्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं. पण हे महाराजांना कोण सांगणार?

बाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. अंडी फुटायला पौर्णिमेनंतरही बरेच दिवस लागणार होते.

त्या तडक गुहेत गेल्या. आधी मुकादमाकडे पाहिलं. त्याने थोडीशीच मेमरी घेतली होती. उरलेली सगळी डेटाबेसच्या ताब्यात. मग त्या पाणवठ्यावर गेल्या. तिथे चितळीण पाणी पीत होती.

"काय गं, नंबर वेळेवर लागतो का?"

"लागतो की. विचारायच्या आत लागतो. का, काय झालं?"

म्हणजे काम छान चाललं होतं. बाई पुन्हा गुहेत आल्या, चिकटून बसल्या, आणि शेवटी त्यांना कारण सापडलं. किती मेमरी घ्यायची, हे डेटाबेसला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मोकळी दिसली की तो घ्यायचा. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती मागच्या कोठारातून आणून हाताशी ठेवायचा, म्हणजे दर वेळी हेलपाटा नको. त्याचा स्वभावच तो.

बाईंनी त्याला मर्यादा घालून दिली. मुकादमाला आणि खुद्द सर्व्हरला पुरेल एवढी जागा सोडली. आकडा ब्याऐंशीवर आला आणि तिथेच थांबला. चितळांचे नंबर पूर्वीसारखेच पटापट लागत राहिले.

पण आकडा पिवळा होता.

"महाराज, स्वयंपाक करताना भांडी ओट्यावर काढून ठेवतात ना, तसं आहे हे," बाई समजावू लागल्या. "ओटा भरलेला दिसतो, पण हात पटापट चालतो."

"आम्हाला ओटा रिकामा पाहिजे," महाराज म्हणाले.

तेवढ्यात बगळेसाहेब पुढे झाले. हे दरबाराचे सचिव. शुभ्र कपडे, एका पायावर उभं राहून विचार करायची सवय. ते म्हणाले, "महाराज, बंद करून परत चालू करू या."

केलं. आकडा पंधरावर आला, हिरवागार. दरबाराने टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत डेटाबेसने सगळी माहिती कोठारातून पुन्हा उचलून आणली आणि आकडा परत पिवळा झाला. मग साहेबांनी रोज सकाळी बंद-चालू करायचा हुकूम काढला. पुढे दुपारीही. दर वेळी डेटाबेसला नव्याने सुरुवात करावी लागे. तोवर चितळं, सांबरं, गवे पाणवठ्यावर उन्हात ताटकळत. मुकादमाचे हुकूम तर अर्ध्यातच हवेत विरून जात.

"लोक तहानलेत, साहेब," बाई म्हणाल्या.

"रंगासाठी थोडं सोसावं लागतं, बाई," बगळेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पाय बदलला.

पौर्णिमा उद्यावर आली. बाईंनी हिशेब मांडला. मेजवानी ऐन रंगात येईल तेव्हा आकडा नेमका पिवळा असणार. त्यांना अंडी आठवली आणि रडू फुटलं. खरं कारण शोधलं, योग्य तो इलाज केला, आणि तरी घर जाणार होतं. याचा त्यांना फार राग आला.

त्या रागातच त्यांनी स्क्रीनची सेटिंग उघडली. सत्तरच्या वर पिवळा, नव्वदच्या वर लाल, असं तिथे ठरवलेलं होतं. कुणी ठरवलं होतं? स्क्रीन विकणाऱ्याने. बाईंनी पिवळ्याची रेघ नव्व्याण्णववर नेली आणि लालची शंभरावर. काम मिनिटभराचं होतं.

मेजवानी झकास झाली. अस्वलराजे स्क्रीनकडे बघून म्हणाले, "वा, आकडा केवढा मोठा, आणि तरी हिरवा. आमचा कधी पाचच्या पुढे जात नाही." महाराजांची छाती फुगली. हे सगळं बंद-चालू केल्यामुळे झालं असं ठरलं आणि बगळेसाहेबांना शाल मिळाली. आता हिरवा होताच, म्हणून बंद-चालू करणंही थांबलं. चितळांना वेळेवर पाणी मिळू लागलं. बाईंची बदली टळली. यथावकाश अंडी फुटली आणि वारुळाच्या तोंडाशी पिल्लं ऊन खात पडू लागली.

सगळे सुखी झाले. खरं तर गोष्ट इथेच संपायची, पण सर्व्हर संपू देत नाही.

उन्हाळ्यात अँटिव्हायरसच्या मुकादमाचं काहीतरी बिनसलं. घेतलेली मेमरी तो परत देईना. आज थोडी, उद्या आणखी थोडी. हा मात्र खरा बिघाड होता. पूर्वीच्या घोरपडबाईंनी तो पहिल्याच दिवशी पकडला असता. आताच्या बाई पिल्लांना पाठीवर घेऊन दरबारात डोकावत, हिरवा दिसला की "ठीक आहे" म्हणत आणि घरी जात.

शेवटी सर्व्हरचा श्वास कोंडला आणि तो बंद पडला. नंबर कोणाचा, कुणाला कळेना. गवे, डुकरं, चितळं एकदमच पाण्यात उतरली आणि पाणवठ्याचा चिखल झाला.

चितळीण धापा टाकत दरबारात आली. "महाराज, सर्व्हर बंद पडलाय. पोरं तहानेने व्याकुळ झालीत."

महाराजांनी स्क्रीनकडे पाहिलं. शेवटचा आकडा तिच्यावर तसाच गोठून राहिला होता. अठ्ठ्याण्णव. हिरवा.

"काहीतरीच काय," महाराज म्हणाले. "सकाळपासून जागचा हललेला नाही. इतका स्थिर तर कधीच नव्हता. काय घोरपडबाई, तुम्हीच सांगा हिला."

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. मग चितळिणीकडे. मग दरबाराच्या दारातून लांबवर दिसणाऱ्या आपल्या वारुळाकडे.

"हिरवा आहे, महाराज," त्या म्हणाल्या.

तात्पर्य : मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. आधीच रंग बदलून ठेवावा, म्हणजे खरं बोलूनही भागतं.