गिऱ्हाइकाला थांबवणारे प्रभाकरभाऊ

मलकापुरात प्रभाकरभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथं कॉम्प्युटर घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा चहा पिऊन रिकाम्या हातानं परत यायचा, कारण भाऊच त्याला घेऊ द्यायचे नाहीत.

"काऊन घाई करता? दोन मयने थांबा. नवं येऊन राह्यलं."

माझा टायपिंगचा क्लास त्यांच्या शेजारीच. टाइपरायटर मोडीत काढून कॉम्प्युटर आणायचं मी ठरवलं होतं. तेव्हा ३८६ नावाचा प्रोसेसर चालू होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, एवढं मला कळत होतं. मी गेलो, तर भाऊंनी मलाही बसवून ठेवलं.

"मास्तर, ४८६ येते. मंग तुमचेच पोरं तुमाले जुना म्हनतीन."

माझ्याआधी थांबलेले दोघं तिथं होतेच, कापसाच्या जिनिंगचे मुनीम आणि एक वकील. रोज संध्याकाळी ते 'आलं का?' विचारायला यायचे आणि तासभर बसायचे. मीही जाऊ लागलो.

ही गोष्ट कंपनीच्या नागपूरच्या साहेबापर्यंत गेली. तो आला तेव्हा आम्ही तिघं बसलेलोच होतो. साहेब हळू आवाजात म्हणाला, "जुना माल संपेपर्यंत नव्याचं नाव काढायचं नाही. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं."

"हाव, पत्र भेटलं," भाऊ आम्हा तिघांकडे बोट दाखवत म्हणाले. "मी यायलेबी वाचून दाखोलं."

साहेबानं चहा घेतला नाही. महिनाअखेर पाच जुनी मशिनं खपली नाहीत तर एजन्सी जाईल, एवढं सांगून तो निघाला.

 दुसऱ्या दिवशी भाऊ मुनीमजींना म्हणाले, "तुमाले गाठींच्या पावत्याच छापाच्या ना? मंग जुनं पुरते. नव्यानं काई गाठी वाढत नाई." वकिलांनाही नोटिशी टाइप करायला जुनंच दिलं. उरलेली तीन त्यांनी एस.टी.नं देऊळगाव राजाला जाऊन तिथल्या शाळांना विकली. त्यांत काय काय जमणार नाही, तेही आधी सांगून.

एजन्सी वाचली. मला मात्र त्यांनी जुनं दिलं नाही. दिवाळीनंतर ४८६ आलं आणि माझ्या क्लासात बसलं.

मग संध्याकाळी त्यांच्याकडे कुणी जाईना. विचारायचं काही उरलंच नव्हतं. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी सासरी होती. एकदा मी डोकावलो तेव्हा ते रिकाम्या खुर्च्या पुसत होते.

पुढच्या सोमवारी पाचच्या बॅचला भाऊ माझ्या दारात उभे.

"भाऊ, तुमाले मी काय शिकवू?"

"काई नोका शिकवू. मांगच्या बाकावर बसतो. पोरं बोलतात, आयकाले बरं वाटते."

मी हजेरीपटात त्यांचं नाव घातलं. हजेरी घेताना पोरांसारखेच तेही उठून "हजर" म्हणायचे.