मागच्या खुर्चीतलं अधिकृत दडपण

विमान पाडायला वादळ लागत नाही, घरचं माणूस पुरतं. हे सत्य वैमानिक शाळेच्या सुरक्षा समितीला अकराव्या बैठकीत सापडलं. सरावाच्या खोट्या विमानात, म्हणजे जमिनीवरच हलणाऱ्या-डुलणाऱ्या त्या डब्यात, इंजिन पेटल्याचा दिवा लागला तर दहापैकी नऊ विद्यार्थी शांत राहत. मागून कोणी नुसतं "वजन किती वाढवलंयस रे!" म्हटलं, की दहापैकी आठ समुद्रात. (उरलेले दोघे डोंगरात.)

तेव्हा समितीने 'दडपण अधिकारी' असं पद काढलं आणि एका विद्यार्थ्याच्या आत्याबाईंना त्यावर नेमलं. शिक्षण चौथी नापास. पण तोंडाच्या अनुभवाच्या अटीत त्या एकट्याच बसल्या. नियम तीन: सतत बोलावे, जिव्हारी लागेल असे बोलावे, मदत करू नये. पहिले दोन ऐकून आत्याबाईंना हसू आलं. (असल्या गोष्टी कागदावर लिहाव्या लागतात?) वर्षभरात त्यांनी चाळीस पोरं तयार केली. कानाशी पत्र्याचा डबा बडवला तरी त्यांची नजर काट्यांवरून ढळेना.

अडला तो घरचाच भाचा. दोनदा त्याने आत्याला उलट उत्तर दिलं, दोनदा विमान पाण्यात. तिसरी परीक्षा शेवटची. नापास झाला की घरी.

त्या दिवशी आत्याबाईंनी जन्मात पहिल्यांदा कामचुकारपणा केला. पोराचं भलं होऊ दे म्हणून रुमालाचा बोळा तोंडात कोंबला आणि गप्प बसल्या.

झालं भलतंच. त्या शांततेनं पोराला दरदरून घाम फुटला. धावपट्टी समोर येतेय, चाकं अजून विमानाच्या पोटात, आणि हा मान वळवून मागे बघतोय.

"आत्या, रागावलीस का गं? बोल की काहीतरी!"

आत्याबाईंनी बोळा उपसला. "मेल्या, पुढे बघ! चाकं कोण सोडणार, तुझा बाप? त्याला अजून सायकलचं स्टँड लावता येत नाही!"

खटकन चाकं खाली. विमान असं अलगद टेकलं, की परीक्षकाच्या कपातला चहा हलला नाही.

आता पेच पडला, की तिसऱ्या नियमाप्रमाणे ही मदत झाली का? समितीने दोन दिवस खल केला. निष्कर्ष: मदतीत 'मेल्या' येत नाही, बाप तर नाहीच नाही, सबब हा शुद्ध अपमान. भाचा पास. परवान्यावर शेरा तेवढा एक: 'मागून बोलणारे माणूस असेल तरच उडवावे.'

भाचा आता खऱ्या विमानावर आहे. आत्याबाई काही जात नाहीत, त्यांना बसमध्येसुद्धा मळमळतं. म्हणून कंपनीने तोड काढली: विमान उतरू लागलं, की पहिल्या रांगेतल्या प्रवाशाने वैमानिकाच्या बापाचा मोठ्याने उद्धार करायचा. तसं तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय.

आणि तुम्ही? पाय पसरायला जागा मिळाली म्हणून पहिल्या रांगेत खुशाल घोरता. तिकिटाची मागची बाजू वाचलीत कधी?