मागची चाकं गार

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत कुणाकडे पाहुणे आले की पुंजाअण्णा आधी त्यांच्या गाडीची चाकं चाचपतात. उलट्या हाताने, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. मग निदान सांगतात, "पुढचं गरम, मागचं कोमट. बरंय, जगाल."

अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, आता घरात एकटेच. गाडी मस्त चालते, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. "चालायला काय, उतारावर दगड बी चालतो!" एकदा नवरदेवाची सजवलेली गाडी अडवून, झेंडूच्या माळा बाजूला सारून त्यांनी चाकाला हात लावला होता. आत नवरी रडायला लागली.

आमची व्हॅन म्हातारी. मालेगावला मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं. ब्रेक दाबला की व्हॅन नाक खाली घालायची आणि थांबायची मात्र उशिरा. मला ते जाणवत होतं. घरात बोललो नव्हतो. थांबते ना, असं मनाला समजावत होतो.

आदल्या सकाळी अण्णा शेजारी येऊन बसले. "चल. दाब. सोड. दाब." कॉलनीभर फिरवून उतरले आणि चारही चाकांना हात लावून आले. पुढची चटका देत होती. मागची दोन्ही माठासारखी गार.

"हँडब्रेक ओढ."

दांडा पार वर आला. उतारावर उभी व्हॅन अण्णांनी एका हाताने ढकलली. ती निघाली. मी धावत जाऊन चाकाखाली वीट सरकवली.

"ब्रेक लागला की चाक तापतं. पुढचे दोघं राबतात, मागचे नुसते फिरतात. मालेगावच्या वाटेवर राहुड घाटात पुढचे तापून दमले, मंग? मागं कोण बसणार हाय?"

"आई. मुली."

गॅरेजमध्ये मागचे ड्रम खोलले. एका चाकात ब्रेक ऑइल गळून ड्रमला घासणारे लायनर चिंब, दुसऱ्यात झिजून संपलेले. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे नवे बसले. तरी दुसऱ्या दिवशी घाटात प्रत्येक वळणाआधीच मी ब्रेक दाबून बघत होतो. मागे मुली गाणी म्हणत होत्या, आणि ती गाणी मला ऐकवत नव्हती.

दिवेलागणीला परतलो, तर कॉलनीच्या फाटकात खुर्ची टाकून अण्णा बसलेले. वाकून त्यांनी मागच्या चाकाला हात लावला. "गरम!" मग तोच हात स्टिअरिंगवरच्या माझ्या हातावर ठेवला. "तूच गार पडलाय की रे."

"अण्णा, केव्हापासून बसलात?"

"तुम्ही गेले तवापासून. मला घाटाची ड्युटी असली की तुझी काकू अशीच बसायची इथं. येडी हाय म्हणायचो मी तिला."

खुर्ची उचलून ते घराकडे गेले. कुलूप उघडायला अंधारात त्यांना बराच वेळ लागला.