ठवकरकाकांचा शटडाउन

आमच्या शेजारच्या ठवकरकाकांकडे पंख्याचा खटका बदलायचा असला तरी शटडाउन घेतात.

शटडाउन म्हणजे नुसतं मेन स्विच बंद करणं नव्हे. तेवढं मीही करते. काकांच्या मेन स्विचच्या दांड्याला एक लोखंडी पट्टी आहे आणि तिला ओळीनं भोकं आहेत. ज्याचा ज्याचा हात कामाला लागणार, त्यानं आपापलं कुलूप त्या भोकात लावायचं आणि चावी स्वतःजवळ ठेवायची. काका खटका काढणार, त्यांचं एक कुलूप. काकू स्टूल धरणार, त्यांचं एक. काम झालं की ज्यानं त्यानं येऊन आपलं कुलूप काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत घरात वीज नाही. काकांनी उभी हयात स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. तिथली ही रीत ते रिटायर होताना शाल-नारळाबरोबर घरी घेऊन आले.

"जिसका ताला, उसकी चाबी," हे काकांचं दिवसातून दहादा म्हणायचं वाक्य. "ताला लटकून आहे म्हंजे मानूस आत आहे, बाई. मानूस आत असताना लाइन चालू करनारा मी कोन?"

एकदा आमच्या ह्यांना काकांनी शिडी धरायला बोलावलं. ह्यांनी शिडी धरली, रीतसर कुलूप लावलं आणि काम संपायच्या आत ऑफिसातून फोन आला म्हणून तडक रायपूर गाठलं. चावी खिशात. भर मे महिना. आमच्या वैशाली नगरातल्या त्या दुपारी कावळेसुद्धा बोलत नव्हते, आणि काका-काकू ओसरीवर हातपंखे घेऊन बसलेले. मला बाई राहवेना. मी हातोडी घेऊनच गेले.

"काका, फोडा ते कुलूप. आमचंच आहे, मी सांगते ना."

"तुमी सिडीले हात लावला होता का?"

"नाही."

"मंग?"

काकू पंखा हलवत म्हणाल्या, "बाई, तुमी घरी जा. म्या या मानसासंग संसार केला, तुमाले एका दुपारीत काय समजन."

हे संध्याकाळी परत आले तेव्हा काका-काकू घामानं निथळत होते. काका एका शब्दानंही रागावले नाहीत. उलट ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाहेर आले ना सुखरूप? बस, अजून काय पायजे." तेव्हापासून काकांनी शिडी काढली की आमचे हे मागच्या दारानं भाजी आणायला जातात.

मला चौकशा करायची सवय आहे. आमचे हे त्याला भोचकपणा म्हणतात, म्हणोत बापडे. त्यामुळे काकांच्या अंगणातल्या टिनाच्या शेडखाली जी गाडी उभी आहे, तिच्याबद्दल मला झोप न यावी इतकं कुतूहल होतं. जुनी काँटेसा. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, एके काळी मोठमोठ्या साहेबांनी आणि शेटांनी मिरवलेली. एका राइस मिलच्या गोदामात धूळ खात पडली होती, ती काकांनी रिटायर झाल्यावर आणली. जाणारे-येणारे तरुण पोट्टे फाटकाशी थांबतात, फोटो काढतात. "अंकल, ये तो अपनी देसी मसल कार है, बेचोगे क्या?"

"मसल कायचे पाहून राह्यला बे, वायरिंग पाह्य," असं म्हणून काका त्यांना बॉनेटमध्ये डोकवायला लावतात. पोट्टे दोन मिनिटांत पळतात.

इंजिन काकांनी मिस्त्रीकडून करून घेतलं होतं. पण जुनी वायरिंग उंदरांनी कुरतडून टाकलेली, आणि तिला मात्र परक्याचं बोट लागू द्यायचं नाही अशी त्यांची जिद्द. प्रत्येक वायरच्या टोकाला आकड्याचा पांढरा छल्ला. वायरी सरळ व्हाव्यात म्हणून त्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीवर टांगलेल्या, खाली वजनं बांधलेली. काकू माझ्या गच्चीवर साड्या वाळवायला यायच्या आणि म्हणायच्या, "गाडी चालू झाली का मी सगळ्यात पयले डोंगरगढच्या देवीले जाईन. नारळ आनून ठेवला आहे." तो नारळ सुकला की त्या नवीन आणायच्या.

गाडीच्या बॅटरीलाही काकांनी भिंतीवर एक स्विच बसवलेला आहे, आणि त्याला तीच भोकांची पट्टी. तिच्यात दोन कुलपं. एक काकांचं. दुसरं पितळी, जुनं, पावसानं हिरवं पडलेलं. ते कुणाचं, हे विचारलं की काका स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागायचे. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातातच असायचा.

शेवटी काकूंनीच सांगितलं. कुलूप टेंभऱ्यांचं. टेंभरे म्हणजे काकांचे प्लांटमधले जोडीदार, क्रेनवरचे इलेक्ट्रिशियन. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच दिवशी रिटायर झाले. गाडीही दोघांनी मिळूनच आणली. टेंभरे रोज उतईहून मोपेडवर यायचे आणि दोघं दिवसभर बॉनेटमध्ये डोकं घालून भांडायचे. ते भांडण म्हणजे त्यांच्या गप्पाच. पण एक दिवस खरंच भांडले.

कारण काय, तर घरात वीज एका वायरनं येते आणि दुसरीनं परत जाते. गाडीत तसं नसतं, हे मलाही तेव्हाच कळलं. गाडीत दिव्यापर्यंत एकच वायर नेतात, परत यायला गाडीचा पत्राच वापरतात. काकांना हे काही केल्या पटेना.

"हे म्हने, म्या जनमभर लोकाईले सांगतलं, बॉडीत करंट आला म्हंजे मानूस गेला," काकू सांगत होत्या. "आता मीच सोडू का करंट बॉडीत? म्हनून यानं हरेक दिव्याले दोन-दोन वायर टाकले. बंडल झालं मांडीएवढं, दरवाजा लागेना. टेंभरे म्हने, अबे बारा व्होल्टची बॅटरी आहे, मुंगी मरनार नाही. तर हे काय बोलले माहीत आहे? म्हने, तू क्रेनवाला, तुले वायरिंगमधलं काय समजते."

"मग?"

"मंग काय. त्यायनं हात धुतले अन् निंगून गेले. चहा तसाच राह्यला."

आणि कुलूपही तसंच राहिलं. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. गाडी कधीचीच तयार झाली असती, पण परक्याचं कुलूप फोडणं काकांना मेल्याहून मेल्यासारखं. मी म्हटलं, "काका, मग बोलवा की त्यांना."

"काम झाल्यावर बोलावता येते, बाई. काम झालं का ताला काढाले आवाज द्याचा, असा नियम आहे. काम झालं कुठं? एक वायर बाकी आहे."

ही एक वायर दोन वर्षं बाकी होती. मी मनात म्हटलं, माणूस हट्टी आहे, गाडी गंजेल पण फोन करणार नाही.

पण मधल्या काळात मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. मांडीएवढं बंडल हळूहळू बारीक होत होतं. आधी दंडाएवढं झालं, मग मनगटाएवढं. काकूंची दोरीही मोकळी झाली, साड्या माझ्या गच्चीवरून परत गेल्या. एका सुटीच्या दिवशी मी कढी द्यायला गेले, तर काका गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी उकिडवे बसलेले. हातात पॉलिश पेपर. पत्र्यावरचा रंग घासून घासून त्यांनी रुपयाएवढी चकचकीत जागा केली होती. मग वायरचं टोक त्या जागी ठेवून त्यांनी स्क्रू आवळला.

"काका," मी म्हटलं, "हा करंट बॉडीत चालला ना?"

काकांनी वर पाहिलं नाही. "कोनाले सांगू नका."

"काकूंनाही नको?"

"तिले तर बिलकुल नको."

मी कढीचं भांडं ठेवलं आणि घरी आले. खरं सांगते, मला भरून आलं. दोन वर्षं हा माणूस एकेक वायर काढत होता, टेंभऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं पुन्हा बांधत होता, आणि हे सांगायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न उतईला होतं. मी लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि जेवायच्या आधी टेंभऱ्यांचं घर शोधत निघाले. टेंभरे घरामागच्या वावरात पंपाची मोटर खोलून बसले होते. पंपाच्या पेटीला कुलूप लटकलेलं. उघडेबंब, कमरेला काळा करदोडा, आणि करदोड्याला दोन चाव्या. एक नवी, एक पितळी.

मी कोण, कुठली ते सांगितलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"ठवकरनं पाठवलं?"

"नाही जी. मी आपल्या मनानं आले."

"चाबी मांगाले आल्या असान तर मिळनार नाही. जिसका ताला..."

"उसकी चाबी. ठाऊक आहे मला, आमच्या ह्यांनी एक दुपार त्यात घालवली आहे. मला चावी नको. एवढंच सांगायचं होतं, की बंडल मनगटाएवढं झालंय."

टेंभऱ्यांच्या हातातला पाना थांबला.

"वापसीचे वायर काढले त्यानं?"

"मला त्यातलं काय कळतं. पण काकूंच्या साड्या आता त्यांच्याच दोरीवर वाळतात."

त्यांनी घरात आवाज देऊन माझ्यासाठी चहा मागवला, पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या, काकांचं नावसुद्धा काढलं नाही. मी निघताना मात्र फाटकापर्यंत आले. "रविवारी ठवकर घरी राह्यते का?"

"गाडी सोडून ते जातात कुठे?"

रविवारी सकाळी मोपेडचा आवाज आला आणि मी हातातली कणकेची परातच घेऊन कुंपणाशी गेले. टेंभरे मोपेड लावून सरळ शेडखाली शिरले. राम राम नाही, श्याम नाही. काका बॉनेटशी उभे होते, ते बाजूला सरकले. टेंभऱ्यांनी वायरिंगवरून बोट फिरवलं.

"पतला झाला."

"हौ. उंदरं लागले होते."

"चांगले उंदरं आहेत," टेंभरे म्हणाले. "बरोबर वापसीचेच वायर खाल्ले."

काका भिंतीवरच्या स्विचपाशी जाऊन ताठ उभे राहिले. सदऱ्याची बटणं लावली. प्लांटमध्ये द्यायचे तसा त्यांनी आवाज दिला, "टेंभरे सुखदेव. काम झालं. ताला काढ." शेवटच्या दोन शब्दांना आवाज फाटला. मी पदर डोळ्याला लावला, कणकेच्या हातानंच.

टेंभऱ्यांनी करदोड्याची चावी सोडली. कुलूप गंजलेलं, फिरेना. काकू धावत शेंगदाण्याच्या तेलाची वाटी घेऊन आल्या. दोन थेंब सोडल्यावर ते खट्कन उघडलं. मग काकांनी आपलं काढलं, स्विच वर केला आणि गाडीत बसून चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा पेटली, आणि शेडचं टिन थरथरायला लागलं. काकू आत पळाल्या आणि बघता बघता जरीचं लुगडं नेसून, नारळ घेऊन बाहेर आल्या.

काकांनी हेडलाइट लावले. हॉर्न वाजवला. इंडिकेटर लावले. टेंभरे गाडीभोवती फिरत प्रत्येक दिव्यासमोर थांबत होते. मागच्या डाव्या कोपऱ्याशी ते बराच वेळ थांबले. पितळी कुलूप त्यांच्या हातातच होतं, ते या हातातून त्या हातात करत होते.

"बंद कर," ते म्हणाले. "डावा इंडिकेटर मंद आहे."

काका खाली उतरले. "कायले मंद राहीन?"

"मंद आहे. रंग खरवडल्याबिगर वायर बसवला तू."

मी तोंड उघडलं होतं. ती रुपयाएवढी जागा मी या डोळ्यांनी पाहिली होती. आणि दोन्ही दिवे अगदी सारखे लागत होते, आंधळ्यालाही कळलं असतं. काकांनी दिव्याकडे पाहिलं. मग टेंभऱ्यांच्या हातातल्या कुलपाकडे पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यात एक स्क्रू ढिला ठेवला नाही, तो खाली मान घालून म्हणाला, "राहून गेलं असन."

त्यांनी गाडी बंद केली, स्विच खाली ओढला. टेंभऱ्यांनी आपलं कुलूप पुन्हा भोकात अडकवलं आणि चावी करदोड्याला बांधली. "उद्या येतो. सगळेच जोड पाहा लागन."

"हौ. एक दिवसाचं काम नाही ते," काका म्हणाले.

"अन् माहं डोंगरगढ?" काकूंनी विचारलं.

"वहिनी, मंद इंडिकेटरनं तुमाले हायवेवर नेऊ का?"

काकू एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग नारळ घेऊन आत गेल्या. त्याची त्या दिवशी चटणी झाली आणि टेंभरे जेवून गेले.

टेंभऱ्यांची मोपेड वळणाआड गेली तशी काका कुंपणाशी आले. माझ्या परातीतली कणीक वाळून गेली होती.

"बाई, तुमी होत्या ना इथं. तुमाले दिसला ना? मंदच होता ना तो दिवा?"

"मंदच होता, काका," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. फाटकापर्यंत गेले आणि परत वळून आले.

"मंग तुमचा ताला घेऊन या. तुमी दिवा चेक केला, म्हंजे तुमीबी कामात आल्या."

मी परात ओट्यावर ठेवली आणि घरात कुलूप शोधायला लागले.