बिराजदारांची वाढती रांग

'बहुतेक' हा शब्द कुणी काढला, की बिराजदार घासात खडा लागल्यासारखं तोंड करत. "बहुतेक म्हंजे? हाय की न्हाय ते सांगा!" शिपायाला चहाबद्दल हेच, प्राचार्यांना पगारवाढीबद्दलही हेच. एकदा नवी पेठेत शर्टाचं कापड घेताना दुकानदार म्हणाला, "रंग शक्यतो जाणार नाही." बिराजदार कापड तिथंच टाकून उठले. मी सोबत होतो, त्यामुळे माझंही कापड राहिलं.

असा माणूस गणित शिकवतो हे गणिताचं दुर्दैव, आणि तो माझ्याच टेबलासमोर बसायचा हे माझं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता, तो पुण्याला. आम्ही इथं कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम तयार करायचे आणि गठ्ठा बांधून गाडीनं तिकडं न्यायचा. सगळ्यांच्या उपयोगाचे गणिती प्रोग्रॅम एका लोखंडी कपाटात असत. त्या कपाटाला आम्ही ऐटीत 'लायब्ररी' म्हणायचो. बिराजदारांना तिच्यात भर घालायची होती. भर कसली, तर हो-नाहीची रांग! एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. एवढ्याशा कामात या गृहस्थांनी उन्हाळ्याची सुट्टी घालवली, कारण रांग म्हणे लागेल तशी आपोआप वाढली पाहिजे.

वास्तविक जागा किती लागणार ते कॉम्प्युटरला आधीच सांगायचं असतं. विभागप्रमुख म्हणाले, "जास्तीत जास्त किती, तो आकडा लिहा. लगेच कपाटात ठेवतो."

"न्हाय लिहिनार. पंगतीला किती येनार ते आदी कळतंय व्हय? आली मानसं की वाढवायची पंगत!"

रांग भरली की त्यांचा प्रोग्रॅम दुप्पट जागा घेऊन सगळं तिकडं उतरवायचा. पहिल्या खेपेला नव्या जागेत शून्यं भरायची हे महाशय विसरले, आणि पुण्याच्या मशीननं कुणी न विचारलेल्या प्रश्नांनाही भराभर 'हो' छापून दिलं. त्या मशीनवर महिन्यातून एकदाच मिळणारी आमची वेळ वाया गेली. माझा प्रोग्रॅम गठ्ठ्यातच राहिला.

रविवारी सकाळी मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. आज आकडा लिहून घेतल्याशिवाय उठायचंच नाही, असं ठरवूनच. आत खाटेवर त्यांची म्हातारी आई बसली होती. बिराजदार तिच्यापुढं उकिडवे बसून विचारत होते, "आई, मी कोन?"

ती बराच वेळ बघत राहिली, मग तिनं नकारार्थी मान हलवली. बिराजदारांनी पेन्सिलीनं कार्डावर शून्य काढलं.

"रोज इचारतो," ते मला म्हणाले. "कदी वळकती, कदी न्हाय. त्याचीच रांग हाय ती."

मी तरी हट्ट सोडला नाही. "मग हजार लिहा की! हजार दिवस काय कमी झाले?"

"म्हंजे त्याच्याफुडं आई न्हाय, असं माज्याच हातानं लिहून देऊ व्हय?"

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाहेर काढलेलं पेन मी परत खिशात ठेवलं.

म्हातारीनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि बिराजदारांकडं बोट दाखवलं. "लई चांगला मानूस हाय ह्यो. समदं करतो माजं. ह्याची आई कुटं असती वो?"

"हितंच असती," बिराजदार म्हणाले, आणि त्यांनी तिच्या बशीत चहा ओतला.