अडतीस टाळू

ही गोष्ट २००१ सालच्या सप्टेंबरातली. तेव्हा फोन खिशात मावत होते, पण फोटो काढायचं काम कॅमेऱ्याकडेच होतं. जपानच्या डोंगरातल्या मिनोहारा गावात एकच फोटो स्टुडिओ होता, कुरातांचा. नवऱ्यामागे तो एकटीने चालवणाऱ्या बासष्ट वर्षांच्या फुमिएबाईंनी भर दुकानात जाहीर केलं, "त्या डबीत दोषाशिवाय काही नाही. मी सिद्ध करून दाखवीन. गावासमोर!"

डबी म्हणजे डिजिटल कॅमेरा. साबणाच्या वडीएवढा. जावई शुहेईने शहरातून आणलेला. त्याला स्टुडिओतली डार्करूम मोडून तिथे छपाईचं यंत्र बसवायचं होतं. ती डार्करूम फुमिएबाईंच्या नवऱ्याने स्वतः बांधलेली. भिंतीवर त्याने पेन्सिलीने लिहिलेली फोटो धुण्याच्या औषधांची मापं अजून तशीच होती.

"आई, गुण तरी बघा! रोल नको, धुणं नको. फोटो तिथल्या तिथे दिसतो."

"मग माणसं तिथल्या तिथे नावं ठेवतात! माझ्या फोटोला दहा दिवस लागतात. तोवर आपलं नाक असं होतं हे माणूस विसरलेला असतो."

"वजनाला हलका आहे."

"म्हणूनच हात हलतो. माझ्या कॅमेऱ्याचं धूड बघूनच लोक गप्प उभे राहतात, जावईबापू!"

शेवटी पैज लागली. पंधरा सप्टेंबरला, वृद्धांच्या मानाच्या दिवशी, गावातल्या पंचाहत्तरीपुढच्या मंडळींचा एकत्र फोटो निघे. एकतीस वर्षं तो फुमिएबाईच काढत होत्या. यंदा त्यांनीच तो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढायचा. मंडळी जो सभागृहात लावतील तो कॅमेरा जिंकला. डबी हरली तर डार्करूमचं नाव काढायचं नाही.

"आणि जिंकली तर?"

"जिंकायची नाहीच!"

त्या दिवशी तांबड्या दाण्यांचा सणाचा भात खाऊन अडतीस जण सभागृहाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. मंडळाचे अध्यक्ष इवासे आजोबा म्हणाले, "बाई, यंदा फोटो जरा लवकर द्या. मागल्या वर्षीचा येईपर्यंत आमच्यातले दोघे गेले."

"आजोबा, तो दोष माझ्या रोलचा नाही, तुमच्या वयाचा!"

फुमिएबाईंनी दोन बोटांत डबी धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. "हं, हसा!" म्हणून बटण दाबलं. डबी 'पीं' वाजली.

एकतीस वर्षांची सवय! आवाज झाला म्हणजे फोटो झाला. "बाई, श्रम झाले तुम्हाला!" म्हणत अडतीसच्या अडतीस जण कमरेत वाकले. तेवढ्यात डबीचा विचार पुरा झाला आणि तिने फोटो काढला.

पडद्यावर अडतीस टाळू उमटल्या. काही लखलखीत, काही विरळ, आणि मधोमध हात्सुनो आजींचा जांभळा रंगवलेला अंबाडा.

"बघ! बघितलास दोष?" फुमिएबाई आनंदाने ओरडल्या.

"आई, 'पीं' म्हणजे डबीने नुसता नेम धरला. फोटो मागाहून निघतो. त्यांना थांबायला सांगा ना!"

"मंडळी, लगेच वाकू नका हो!"

"अरेरे, चुकलं आमचं!" म्हणून मंडळी माफी मागायला वाकली. पुन्हा टाळू.

फुमिएबाईंनी दरडावलं, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही! श्वाससुद्धा सोडायचा नाही!" अडतीस जणांनी श्वास धरला. डबीची बॅटरी संपली.

"आता बघा कॅमेरा कसा असतो!" फुमिएबाई आपल्या स्टँडवरच्या धुडाकडे निघाल्या, लग्नातल्या वरमाईसारख्या. खट्! क्षणात काम झालं. मग त्या शुहेईकडे वळल्या आणि विजयाचं भाषणच सुरू केलं.

पाठीमागून क्षीण आवाज आला. "बाई, आता श्वास सोडू का? की गेल्यातच जमा धरता?" हात्सुनो आजी होत्या.

"तो टाळूंचा फोटो छापून आण," फुमिएबाईंनी जावयाला बजावलं. "मोठा! पुरावा म्हणून."

दहा दिवसांनी दोन्ही फोटो सभागृहात मांडले. रोलवरच्या फोटोत एकेक पापणी मोजून घ्यावी. पण इवासे आजोबा मान हलवत म्हणाले, "सुरेख आहे. पण यात आम्ही सगळे देव्हाऱ्यात ठेवलेल्या, गेलेल्यांच्या तसबिरीतले वाटतो. अजून वेळ आहे हो आम्हाला!"

बाकी गर्दी पुराव्यापुढे.

"हा माझा भोवरा! एक्क्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा बघतोय!"

"अगं हात्सुनो, तुझा अंबाडा खोटा होता होय? ही बघ पिन!"

सभागृह हसून हसून लोळलं. भिंतीवर टाळू लागल्या.

"आई," शुहेई हळूच म्हणाला, "डबी जिंकली."

"डबी कसली? दोष जिंकला! आणि दोष आहे हे कोण म्हणत होतं? मी! म्हणजे जिंकले कोण?"

शुहेईने हात जोडले. डार्करूम राहिली.

इवासे आजोबा त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. देव्हाऱ्यात त्यांचा रोलवरचाच चेहरा ठेवला. आता तो शोभला. हात्सुनो आजींनी अंबाडा काढून ठेवला आणि उघड्या डोक्याने शंभरी गाठली. शुहेईने शहरात छपाईचं दुकान काढलं आणि हल्ली तिथे बसून तो फोनच्या कॅमेऱ्याला नावं ठेवतो. डबीची बॅटरी मिळेनाशी झाली. ती डार्करूममध्येच, पेन्सिलीच्या मापांखाली पडून आहे.

आणि फुमिएबाई? पंचाहत्तरी झाली तशा त्याही पायऱ्यांवर उभ्या राहिल्या, पहिल्या रांगेत. समोर शुहेई, हातात नवा कोरा कॅमेरा. 'पीं' वाजलं.

त्या फोटोत एकेचाळीस हसरे चेहरे आहेत आणि मधोमध एक पांढरी टाळू.

"दोष कॅमेऱ्याचा!" फुमिएबाई अजून म्हणतात.